लंडनच्या वखारीतला चहा आणि पुरंदरचा तह

१/
मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी रघुनाथरावाशी सुरतेचा तह केला. साष्टी आणि वसई मिळावी आणि त्या बदल्यात राघोबाला पेशवेपद मिळवून द्यावे, असा तो सौदा होता. वर्षभरातच, १ मार्च १७७६ रोजी, कलकत्त्याच्या इंग्रजांनी कर्नल अप्टनमार्फत पुण्याच्या कारभाऱ्यांशी पुरंदरचा तह केला आणि सुरतेचा तह बाजूला सारला. कंपनी एकच, झेंडा एकच. मग मुंबईने दिलेला शब्द कलकत्त्याने कोणत्या अधिकाराने मोडला? या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा लंडनच्या वखारींत न खपता पडून राहिलेल्या चहापर्यंत जातो. आजचा थ्रेड त्या धाग्याविषयी.

२/
हा इतिहास मुळात एका साध्या प्रश्नाचा आहे. गिऱ्हाईक उद्या किती माल घेईल हे ठाऊक नसताना आज किती माल भरून ठेवायचा? हा प्रश्न कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारालाही पडतो. पण त्याचा अंदाज चुकला, तर चार पोती धान्याला कीड लागते. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचा अंदाज चुकला, तेव्हा तिच्या चुकीची किंमत तीन खंडांतल्या माणसांनी मोजली.

३/
प्रथम त्या काळची व्यवस्था समजून घेऊ. ब्रिटनमध्ये चहा आणण्याचा कायदेशीर हक्क एकट्या ईस्ट इंडिया कंपनीला होता. हा सारा चहा चीनचा होता; आसामचा चहा बाजारात यायला अजून सहा-सात दशके होती. १७५७ पासून चीनच्या बादशहाने युरोपीय व्यापाऱ्यांसाठी कँटन (आजचे ग्वांगझो) हे एकच बंदर खुले ठेवले होते. तेथेही परवानाधारक ‘हाँग’ व्यापाऱ्यांखेरीज कोणाशी घाऊक व्यवहार करता येत नसे. फूच्येन प्रांतातल्या वूयी डोंगरांत खुडलेला काळा चहा हमालांच्या खांद्यावरून आणि नावांतून शेकडो मैल प्रवास करून कँटनला पोहोचे.

४/
पुढचा प्रवास वाऱ्यांच्या हाती होता. इंग्लंडहून जहाजे हिवाळ्यात निघत, नैऋत्य मोसमी वाऱ्यांवर चीनच्या समुद्रात शिरत, कँटनला खरेदी करत आणि ईशान्य वारे सुरू झाले की परत फिरत. लंडनला पोहोचायला आणखी सुमारे सहा महिने लागत. त्यानंतर माल वखारीत उतरे आणि ठरावीक काळाने होणाऱ्या लिलावात विक्रीला येई. ‘इतका चहा आणा’ असे संचालकांनी लिहिल्यापासून तो चहा लिलावात येईपर्यंत दीड ते दोन वर्षे सहज जात. एकदा जहाज निघाले की हुकूम फिरवण्याची सोय नव्हती.

५/
म्हणजे १७७० च्या अखेरीस लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील कचेरीत बसलेल्या संचालकांना १७७२ च्या उत्तरार्धात इंग्रज माणूस किती चहा पिईल, हे ठरवावे लागे. तेही चहा पिणारा माणूस डोळ्यांना न दिसता. कंपनी लिलावात घाऊक व्यापाऱ्यांना चहा विके, घाऊक व्यापारी किरकोळ दुकानदाराला आणि दुकानदार घराघरांत. कंपनीला दिसे तो फक्त लिलावातला भाव. घाऊक व्यापाऱ्याने यंदा जास्त पेट्या उचलल्या त्या लोक जास्त चहा पिऊ लागले म्हणून, की पुढे भाव चढेल या आशेने, हे लिलावाच्या वहीत लिहिलेले नसे.

६/
यात भर पडली ती चोरट्या व्यापाराची. ब्रिटनमध्ये चहावर जबर कर होता. हॉलंड, स्वीडन, डेन्मार्क आणि फ्रान्सच्या कंपन्याही कँटनहून चहा आणत आणि त्यातला फार मोठा भाग रात्री-अपरात्री इंग्लंडच्या किनाऱ्यावर करचुकवेगिरीने उतरे. पुढे झालेल्या अंदाजांनुसार ब्रिटनमध्ये खपणाऱ्या चहापैकी निम्मा, कदाचित त्याहून अधिक, चोरटा होता. म्हणजे कंपनी ज्याला ‘मागणी’ समजत होती, तो खऱ्या मागणीचा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा भाग कराच्या दरानुसार इकडून तिकडे सरकत असे.

७/
१७६७ मध्ये सरकारने एक प्रयोग केला. पाच वर्षांसाठी काही प्रकारच्या चहावरचा रत्तलामागे एक शिलिंगाचा अंतर्गत कर माफ केला (रत्तल म्हणजे वजनी पौंड, सुमारे ४५४ ग्रॅम). आयर्लंड आणि अमेरिकेत जाणाऱ्या चहावरचे आयातशुल्कही परत मिळू लागले. सरकारी महसुलात तूट आली तर ती कंपनीने भरून द्यायची, अशी अट होती. कायदेशीर चहा स्वस्त झाला, खप वाढला आणि कंपनीने कँटनकडच्या मागण्या वाढवल्या. इथवर सारे तर्काला धरून होते.

८/
पण त्याच वर्षी त्याच संसदेने दुसरा कायदा केला. अमेरिकन वसाहतींत उतरणाऱ्या चहावर रत्तलामागे तीन पेन्सचा कर बसवला. रक्कम क्षुल्लक होती, पण ‘आमचा प्रतिनिधी नसलेल्या संसदेने आमच्यावर कर का लादावा?’ हा वसाहतींचा प्रश्न क्षुल्लक नव्हता. ब्रिटिश मालावर बहिष्कार पुकारला गेला. १७७० मध्ये इतर वस्तूंवरचे कर उठले, चहावरचा मात्र तत्त्व म्हणून कायम राहिला. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाची माणसे चहा पीतच राहिली, पण तो बहुतांशी डचांकडून आलेला चोरटा चहा होता.

९/
येथे एक प्रश्न पडतो. अमेरिकेची बाजारपेठ हातची जात असल्याचे दिसत असूनही कंपनीने खरेदी का आवरली नाही? याचे उत्तर बंगालमध्ये आहे. १७६५ मध्ये कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली. कोट्यवधींचा महसूल हाती आला, पण तो लंडनला न्यायचा कसा? त्याचा एक मार्ग चहा हा होता. बंगालचा पैसा कँटनला पाठवायचा, त्यातून चहा घ्यायचा आणि तो लंडनला विकून भागधारकांना लाभांश वाटायचा. चहा हा आता नुसता विक्रीचा माल राहिला नव्हता. पैसा घरी नेण्याचे ते वाहन झाले होते.

१०/
कंपनीच्या चुकीचे मूळ मला येथे दिसते. किती चहा घ्यायचा हे ठरवताना ‘लोकांना किती हवा आहे?’ या प्रश्नाशेजारी ‘आपल्याला किती पैसा हलवायचा आहे?’ हा दुसरा प्रश्न येऊन बसला आणि हळूहळू तोच वरचढ झाला. खरेदी गिऱ्हाइकाच्या गरजेने न ठरता विकणाऱ्याच्या सोयीने ठरू लागली, की वखार भरणे अटळ असते. त्यातही अंदाज आणि विक्री यांत दोन वर्षांचे अंतर असेल, तर चूक ध्यानी येईपर्यंत पुढची दोन वर्षांची जहाजे मालाने लादलेली असतात.

११/
बंगालमध्ये त्याच काळात काय घडत होते? १७६९-७० मध्ये पाऊस हुकला आणि भीषण दुष्काळ पडला. प्रांतातली किमान एकतृतीयांश माणसे मेली, असा अंदाज १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने संचालकांना कळवला. नेमक्या आकड्यावर आजही वाद आहे. पण महसुलाची वसुली जबरदस्तीने पूर्वीच्या पातळीवर राखली गेली, ही कबुली त्याच पत्रव्यवहारात आहे. आणि १७७१ मध्ये लंडनमध्ये कंपनीने लाभांश शेकडा साडेबारावर नेला.

१२/
१७७२ हे साल उजाडले आणि सगळ्या गोष्टी एकाच वेळी उलटल्या. करमाफीची पाच वर्षे संपली आणि कायदेशीर चहा पुन्हा महाग झाला. माफी चालू असताना मागवलेला चहा माफी संपल्यावर लंडनला उतरत राहिला. बंगालमधल्या अधिकाऱ्यांनी लंडनवर काढलेल्या लाखो पौंडांच्या हुंड्या वटवण्यासाठी येऊ लागल्या. शिवाय १७६७ पासून सरकारला दरसाल चार लाख पौंड देण्याचा करार कंपनीच्या मानेवर होताच.

१३/
त्यातच १० जून १७७२ रोजी लंडनची एक नामांकित पेढी बुडाली. तिचा भागीदार अलेक्झांडर फोर्डिस याने कंपनीच्याच समभागांचा भाव पडेल यावर सट्टा लावला होता. तो हरला आणि फरार झाला. पाठोपाठ इतर पेढ्या कोसळल्या, युरोपभर पतपुरवठा आटला. एरवी कंपनी बँक ऑफ इंग्लंडकडून उसनवारी करून दोन लिलावांमधला काळ निभावून नेई. आता बँकेने हात आखडता घेतला. कंपनीकडे माल होता, पण रोकड नव्हती.

१४/
तो माल किती होता? लंडनच्या वखारींत सुमारे १ कोटी ७० लाख रत्तल चहा पडून होता, म्हणजे अंदाजे ७७ लाख किलो. त्या काळी ब्रिटनमधला वर्षाचा कायदेशीर खप ५० ते ६० लाख रत्तलांच्या आसपास असे. म्हणजे जवळपास तीन वर्षांचा चहा साठला होता. तो सगळा एकदम लिलावात काढावा, तर भाव कोसळणार. धरून ठेवावा, तर पैसा अडकणार आणि चहा जुना होत जाणार. चहा सोन्यासारखा नसतो. पेटीत राहून त्याचा कस उतरतो.

१५/
संचालकांपुढे तीन वाटा होत्या. पहिली, चहा युरोपच्या बाजारात स्वस्तात विकून टाकायचा. पण तो चोरट्या वाटेने परत इंग्लंडला येऊन आपलाच भाव पाडील, ही भीती होती. दुसरी, ब्रिटनमधला कर कमी करून खप वाढू द्यायचा. ते सरकारच्या हाती होते आणि सरकार महसूल सोडायला तयार नव्हते. तिसरी वाट अमेरिकेची. तेथे लाखो माणसे चहा पीत होती. फक्त आपला पीत नव्हती. चहा पुरेसा स्वस्त केला तर ती पितील, असे गणित मांडले गेले.

१६/
१० मे १७७३ रोजी ‘टी ॲक्ट’ मंजूर झाला. अमेरिकेला जाणाऱ्या चहावरचे ब्रिटनमधले शुल्क पूर्ण परत मिळणार होते आणि मधले व्यापारी वगळून कंपनी स्वतः तेथे चहा पाठवू शकणार होती. अमेरिकेतला तीन पेन्सचा कर मात्र तसाच ठेवला. या कायद्यातले एक कलम फारसे कोणी वाचत नाही. चहा बाहेर पाठवण्याचा परवाना हवा असेल, तर तो पाठवल्यानंतर लंडनच्या वखारींत किमान १ कोटी रत्तल चहा शिल्लक राहिला पाहिजे, अशी त्यात अट होती. ब्रिटनमध्ये टंचाई होऊ नये म्हणून राखीव साठ्याची ही मर्यादा थेट कायद्यात लिहिली गेली होती.

१७/
बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि चार्ल्सटन या चार बंदरांकडे मिळून सुमारे ६ लाख रत्तल चहा सात जहाजांवर रवाना झाला. एकूण साठ्याशी ताडून पाहा: शेकडा चारही भरत नाही. पहिली खेप यशस्वी झाली असती, तरी वखारी फारशा मोकळ्या झाल्या नसत्या. संचालकांना नवी बाजारपेठ उघडायची होती. पण चहा विकण्याचे काम ठरावीक मर्जीतल्या व्यापाऱ्यांना दिले गेले. बॉस्टनमध्ये त्यांत गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे होते. स्थानिक व्यापारी आणि चोरटा चहा आणणारे, दोघेही एकाच वेळी दुखावले.

१८/
पुढचे आपण सारे जाणतो. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टन बंदरात डार्टमथ, एलिनॉर आणि बीव्हर या तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून समुद्रात रिकाम्या केल्या गेल्या. कंपनीने नुकसान मांडले ते ९,६५९ पौंडांचे. चहाचे वजन ९२ हजार रत्तलांहून थोडे अधिक, म्हणजे लंडनच्या साठ्याचा शेकडा एक भागही नव्हे. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियासाठी निघालेली जहाजे मालासह परत गेली. चार्ल्सटनचा चहा जप्त होऊन तळघरात पडला.

१९/
संचालकांचा हिशेब भावाच्या बाजूने बरोबर होता; त्यांचा चहा खरोखरच चोरट्या चहाच्या तोडीस तोड स्वस्त होता. चूक दुसरीकडे होती. मागणी केवळ भावावर ठरते, असे त्यांनी गृहीत धरले. बॉस्टनकरांसाठी तो स्वस्त चहा म्हणजे कराची मुकाट कबुली होती. गिऱ्हाईक एखादी वस्तू का नाकारते, हे विक्रीच्या वहीत कधीच दिसत नाही. वहीत फक्त न खपलेला माल दिसतो. १७७५ मध्ये अमेरिकेत युद्ध पेटले. त्याची कारणे अनेक होती, पण ठिणगीच्या जागी चहा होता.

२०/
आता पुरंदरकडे येऊ. चहाला बाजार मिळवून देणे ही सरकारी मदतीची एक बाजू झाली. दुसरी बाजू रोख कर्जाची होती. १७७३ मध्ये कंपनीला १४ लाख पौंडांचे कर्ज मिळाले. त्याआधी लाभांश साडेबारावरून सहावर आला होता. कर्ज देणाऱ्याने कारभारात लक्ष घालणे ओघानेच आले. बंगालमधल्या भ्रष्टाचाराच्या चौकशा आधीपासून चालू होत्याच. दिवाळखोरीने संसदेच्या हाती संधी दिली आणि १७७३ चा रेग्युलेटिंग ॲक्ट आला. कलकत्त्याला गव्हर्नर-जनरल आणि चार सदस्यांचे कौन्सिल नेमले गेले. मुंबई आणि मद्रासने त्यांच्या संमतीवाचून हिंदी सत्तांशी युद्ध वा तह करू नये, असे ठरले. अगदी निकडीचा प्रसंग किंवा लंडनचा थेट हुकूम एवढाच अपवाद होता.

२१/
तारखांची सांगड पाहा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ऑक्टोबर १७७४ मध्ये नवे कौन्सिल सदस्य कलकत्त्याला उतरले. डिसेंबरमध्ये मुंबईकरांनी साष्टी घेतली, मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह केला आणि मे महिन्यात आडासची लढाई झाली. कलकत्त्याने हे सारे बेकायदेशीर ठरवले, कर्नल अप्टनला पुण्याकडे धाडले आणि नाना फडणवीस व सखारामबापूंशी पुरंदरचा तह केला. राघोबाने वेतन घेऊन बाजूला व्हावे आणि इंग्रजांनी त्याचा पक्ष सोडावा, असे ठरले. तो तह टिकला नाही. युद्ध पुन्हा पेटले आणि १७७९ च्या जानेवारीत वडगावपर्यंत गेले. पण मुंबईवर कलकत्त्याचा जो लगाम बसला, तो कायमचा.

२२/
पुरंदरचा तह केवळ चहामुळे झाला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मराठी राजकारणाची स्वतःची गती होती, पुण्याच्या कारभाऱ्यांचे स्वतःचे डावपेच होते. परंतु मुंबई आणि कलकत्ता यांच्यातले जे भांडण पुण्याच्या पथ्यावर पडले, त्याला कायद्याचे हत्यार मिळाले ते कंपनी कर्जबाजारी झाल्यामुळे. आणि कंपनी कर्जबाजारी झाली त्याच्या मोठ्या कारणांपैकी एक कारण लंडनच्या वखारींत पडून होते.

२३/
मूळ प्रश्न मात्र सुटला नव्हता. तो सुटला १७८४ मध्ये, पंचविशीतला पंतप्रधान विल्यम पिट याच्या ‘कम्युटेशन ॲक्ट’ने. चहावरचा शेकडा ११९ पर्यंत चढलेला कर एकदम साडेबारावर आणला गेला. तूट भरून काढण्यासाठी घरांच्या खिडक्यांवरची पट्टी वाढवली. चोरट्या व्यापाराचा कणा मोडला. कंपनीची वार्षिक विक्री ५०-६० लाख रत्तलांवरून दोन-तीन वर्षांत दीड कोटीच्या आसपास गेली. आणि गंमत अशी की अकरा वर्षांपूर्वी जिच्याकडे चहा ठेवायला जागा नव्हती, त्या कंपनीला आता चहा कमी पडू लागला. युरोपातल्या प्रतिस्पर्ध्यांकडून तो विकत घेण्याची पाळी आली.

२४/
याचा अर्थ काय? ब्रिटनमधली खरी मागणी सदैव मोठी होती. ती करामुळे आणि चोरट्या वाटांमुळे झाकली गेली होती. १७७३ मध्ये कंपनीने साठा खपवण्यासाठी समुद्रापार नवे गिऱ्हाईक शोधले. खरे गिऱ्हाईक लंडनच्या वखारीपासून हाकेच्या अंतरावर होते. मागणी अनिश्चित असणे आणि मागणी दिसत नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी राखीव साठा हा उपाय आहे. दुसरीसाठी पडदा दूर करावा लागतो.

२५/
१७८४ च्या कायद्याने दोन्ही केले. पडदा कर कमी करून दूर झाला. अनिश्चिततेसाठी नियम ठरला: कंपनीने वर्षातून चार लिलाव करावेत आणि आदल्या वर्षीच्या विक्रीइतका, म्हणजे एक वर्षाचा चहा कायम शिल्लक ठेवावा. पुरवठा कमी पडला तर सरकार इतरांना आयातीचे परवाने देईल. साठ्याचे माप आता विक्रीशी बांधले गेले. किती पैसा हलवायचा आहे याच्याशी नव्हे. वादळात जहाज बुडाले किंवा युद्धामुळे वाट अडली, तरी वर्षभराची उसंत मिळणार होती. आज व्यवस्थापनाचे विद्यार्थी ज्याला ‘सेफ्टी स्टॉक’ म्हणतात, ती कल्पना येथे कायद्याच्या भाषेत स्पष्ट दिसते.

२६/
या प्रश्नाची गणिती मांडणी व्हायला मात्र आणखी शंभर वर्षे जावी लागली. १८८८ मध्ये अर्थशास्त्रज्ञ फ्रान्सिस एजवर्थने बँकेने तिजोरीत किती रोकड ठेवावी, याचे गणित संभाव्यतेच्या नियमांनी मांडले. त्यातले तत्त्व सोपे आहे. जास्त ठेवल्याचा तोटा आणि कमी पडल्याचा तोटा वेगवेगळा असतो. साठा ठरवायचा तो या दोहोंच्या प्रमाणावरून. वर्तमानपत्र विकणारा रोज सकाळी किती प्रती घ्याव्यात हे मनाशी ठरवतो, तोच हा हिशेब. म्हणून आजही तो ‘वर्तमानपत्र विक्रेत्याचा प्रश्न’ या नावाने शिकवला जातो.

२७/
पण त्या सूत्रात एक गोष्ट नसते: तोटा कोणाच्या पदरात पडतो. १७८४ नंतर साठवणुकीचा खर्च आणि अडकलेल्या पैशाचे व्याज कायद्यानेच चहाच्या किमतीत धरले गेले; ते इंग्रज गिऱ्हाइकाने भरले. तिपटीच्या घरात गेलेल्या चहाचे मोल कँटनमध्ये द्यायचे कशाने, हा प्रश्न आशियावर आला. त्याच्या उत्तरात मुंबई आहे. गुजरातचा कापूस मुंबई बंदरातून चीनला जाऊ लागला आणि त्यावर पारशी व्यापाऱ्यांची मोठी घराणी उभी राहिली. कापूस पुरेनासा झाला तेव्हा अफूचे प्रमाण वाढले: बंगालची, आणि शिंदे-होळकरांच्या मुलखातून मुंबईमार्गे जाणारी माळव्याची.

२८/
सर जमशेटजी जिजीभाईंची संपत्ती याच चीन व्यापारातून आली आणि तिच्यातून मुंबईचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले, जे आजही चालू आहे. चीनमध्ये मात्र त्याच व्यापाराने १८३९ मध्ये अफूचे युद्ध आणले. तोपर्यंत कंपनीची चहाची मक्तेदारी संपली होती. १८३३ च्या कायद्याने ती उठली आणि एप्रिल १८३४ पासून चहाचा व्यापार सर्वांना खुला झाला.

२९/
इतिहासात आपण तह, लढाया आणि माणसांची नावे लक्षात ठेवतो. वखारीतल्या शिलकेची नोंद कोणी पाठ करत नाही. तरीही १७७२ च्या त्या १ कोटी ७० लाख रत्तलांमागे उपासमारीत वसूल झालेला बंगालचा महसूल होता, आणि त्या चहाच्या पुढे बॉस्टनचे बंदर, संसदेचा कायदा आणि पुण्याच्या कारभाऱ्यांना मिळालेली उसंत होती. लंडनमध्ये चुकलेल्या अंदाजाची किंमत सर्वांत आधी त्या माणसाने भरली, ज्याला चहा कधी प्यायला मिळाला नव्हता आणि ज्याला अंदाज कोणी विचारलाही नव्हता. पुढच्या वेळी एखाद्या तहाची कलमे वाचाल, तेव्हा त्या वर्षी तह करणाऱ्यांच्या वखारीत काय पडून होते, हेही शोधून पाहा.

थ्रेड समाप्त. शंका आणि दुरुस्त्या अवश्य लिहा.